राणीछाप

प्रयोगशाळेतल्या बाटलीतून रोप काढायची एक रीत असते. झाकण उघडायचं, लांब चिमट्यानं आगरची, म्हणजे रोप ज्यात वाढतं त्या जेलीची, वडी सैल करायची आणि रोपांचा झुबका अलगद तळहातावर घ्यायचा. मग कोमट पाण्याच्या टबात बोटांनी आगर धुऊन काढायचा. मुळांत कणभरही राहू द्यायचा नाही, कारण त्यात साखर असते आणि साखर असली की बुरशीला आवतण धाडावं लागत नाही. केळीची रोपं धुताना माझे हात आपोआप चालतात. घायपाताचं रोप पहिल्यांदा धुतलं तेव्हा मात्र मी थांबले होते. ज्या झाडाच्या काट्यांनी लहानपणी पोटऱ्या ओरबाडून निघाल्या, ते माझ्या हातावर भिजलेल्या मेथीसारखं लोळत होतं. पानाच्या टोकाला काटा होता, पण बोटानं दाबला की वाकायचा.

मी माणदेशातली. दहिवडीच्या पुढचं, नकाशात शोधावं लागेल असं गाव. आमच्याकडे घायपात म्हणजे बांधावरचं कुंपण. पानं कुजवून, झोडून त्याचा वाख निघतो, वाखाचा दोर वळतात, आणि उरलेलं झाड उन्हात तसंच उभं राहतं. त्याला कुणी पाणी घातल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. बी.एस्सी. होऊन पुण्याजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करणाऱ्या लॅबमध्ये, चिकटले, केळी आणि जरबेरा यांत सहा वर्षं गेली, आणि २०१० च्या सुमाराला एका नव्या जातीचं काम आलं. ती जात घायपाताची निघाली तेव्हा मला हसूच आलं. बांधावर टाकलं तरी जगणारं झाड, आणि त्याला बाटली, साखर, एसी!

पण हे घायपात आमच्या बांधावरचं नव्हतं. अगेव्ह व्हिक्टोरिया-रेजिनी. मेक्सिकोच्या उत्तरेला चिवावाचं वाळवंट आहे, त्यातल्या कोआविला, न्यूव्हो लिओन, दुरांगो या भागांतलं हे झाड. फूट-सव्वा फूट रुंदीचा घट्ट गोल गड्डा, गर्द हिरवी जाड पानं, आणि प्रत्येक पानावर कुणी रांगोळीच्या चिमटीनं ओढाव्यात तशा पांढऱ्या रेघा. १८७५ मध्ये एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं याला विलायतेच्या राणीचं नाव दिलं. दिसायला इतकं देखणं की मूळच्या डोंगरांतून लोकांनी ते उपटून नेलं, आणि शेवटी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. गंमत म्हणजे निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना त्या बंधनातून सूट आहे. बाटलीत असेपर्यंत ते जणू झाडच नाही. मला पुढे जे कळलं त्यावरून वाटतं की तो नियम लिहिणाऱ्यांच्या नकळत एक खरी गोष्ट लिहिली गेली.

बाटलीची गरज पडते ती या झाडाच्या स्वभावामुळे. आमच्या घायपाताला बुडाशी ढीगभर पिल्लं फुटतात. ही राणी त्या बाबतीत कंजूष आहे. बियांची वाट पाहावी तर फुलोरा आयुष्यात एकदाच येतो, तोही पंधरा-वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, आणि फुलली की ती मरते. नर्सरीवाल्याला इतका दम नसतो.

मग आम्ही काय करतो? हरभऱ्याचा शेंडा खुडला की बाजूला फुटवे येतात, हे शेतातल्या पोरालाही ठाऊक असतं. घायपाताच्या गड्ड्याच्या मधोमध असाच एक कोंब असतो आणि तो आहे तोवर बाजूचे डोळे निजलेले असतात. पानं सोलत सोलत त्या गाभ्यापर्यंत जायचं, तो धुऊन, औषधात बुडवून निर्जंतुक करायचा, लॅमिनारच्या, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाच्या, स्वच्छ हवेत बसून कोंबावर पातं फिरवायचं आणि तुकडा मीडियावर ठेवायचा. मीडियात क्षार, साखर, आगर आणि फुटव्यांना जागं करणारं संप्रेरक. क्षारांचं प्रमाण तेच, जे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी ठरवलं होतं. तंबाखूचा तो स्वयंपाक आज केळीपासून ऑर्किडपर्यंत सगळ्यांच्या ताटात वाढला जातो. आणि संप्रेरकांच्या या घराण्यातलं कायनेटिन १९५५ मध्ये सापडलं ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएत. तोही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबावर निर्जंतुक करायच्या भांड्यात, शिजवलेला. कॉलेजात हे शिकवताना आमच्या सरांचा चेहरा गंभीर असायचा आणि मागच्या बाकावर आम्ही एकमेकींना कोपरं मारायचो.

तर फुटवे आले. दर पाच-सहा आठवड्यांनी ते सुटे करून नव्या बाटल्यांत. एकाचे चार, चाराचे सोळा. पंचवीस अंशांची खोली, सोळा तास ट्यूबलाइट, आणि झाकणाखाली सदासर्वदा श्रावण. बाटलीच्या आत हवेतला दमटपणा जवळजवळ शंभर टक्के असतो. काच आतून कायम घामेजलेली.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रोपं बाहेर काढायला आली. केळीचं रोप काढलं की ते आधी पॉलिहाऊसमध्ये जातं, फॉगरच्या धुक्यात, वरून प्लॅस्टिकचा छोटा बोगदा. तिथून महिन्याभरानं शेडनेटखाली. यालाच हार्डनिंग म्हणतात. मी विचार केला, हे तर वाळवंटातलं झाड. याला कसले लाड? पॉलिहाऊसमधली जागा केळीला हवी होतीच. चारशे रोपं खाचांच्या प्रोट्रेमध्ये लावून मी थेट शेडनेटखाली ठेवली. दुपारी झळा सुटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ट्रेमध्ये कांद्याच्या पातीची वाळकी सालं ठेवावीत तसं दिसत होतं. ओढलं की पान हातात. चारशेतली नऊ जगली.

ती चूक मी लपवली नाही, लपवण्यासारखी नव्हतीच. पण कितीतरी रात्री तिचा विचार करत होते. दुष्काळी झाड उन्हानं मेलं. पाणीही होतं, कोकोपीट, म्हणजे ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलं होतं. ओल्या मातीत उभं राहून ते तहानेनं मेलं.

उत्तर पुस्तकात होतं, मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. घायपाताच्या पानावर मेणाचा थर असतो, द्राक्षावर असतो तसा पांढुरका. बाटलीत तो नीट धरतच नाही, कारण पाणी राखायची वेळच येत नाही. पानांवर बारीक रंध्रं असतात, झाडाची नाकपुडी म्हणा. कोरडी हवा लागली की ती मिटायची असतात. बाटलीतल्या रोपाची रंध्रं उघडी ती उघडीच. मिटायची सवय त्यांना लागलेली नसते. मुळं आगरमध्ये वाढलेली, त्यांना केसासारखे तंतू नाहीत, आणि मुळाचा खोडाशी जोड कच्चा. अन्न पानांनी करायचं, पण समोर साखरेची वाटी ठेवलेली, मग कोण कष्ट करतो? आणि माझ्या त्या खेपेतली बरीच रोपं शिवाय ग्लासी होती. ग्लासी म्हणजे पाणी पिऊन फुगलेली, काचेसारखी आरपार दिसणारी पानं. लॅबमध्ये ती टवटवीत वाटतात. नवीन आलेल्या मुली हौसेनं दाखवायला आणतात, ‘मॅडम, बघा ना किती छान!’ आणि मला त्यांना सांगावं लागतं की ही आजारी आहेत.

दुष्काळ सोसायची अवजारं झाडाच्या रक्तात असतात, एवढंच मला माहीत होतं. ती वापरल्याशिवाय तयार होत नाहीत, हे चारशे रोपांनी शिकवलं.

बाटलीत झाड स्वतःला विसरतं याचा एक नामांकित दाखला पुण्यातच आहे. बांबू किती दशकांनी एकदा फुलतो. पण १९९० मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरमी आणि मस्करेन्हास यांनी बांबूची कोवळी रोपं बाटलीतच फुलवून दाखवली. ‘नेचर’मध्ये छापून आलं ते. तिथे बांबू आपलं वय विसरला, माझ्याकडे घायपात आपली तहान विसरलं. फरक इतकाच की त्या विस्मरणानं विज्ञानाचं भलं झालं आणि माझ्या विस्मरणानं ऑर्डर बुडाली.

त्यानंतर पॉलिहाऊसमध्ये मामा आले. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत उभी हयात गेलेला माणूस, शिक्षण चौथी. मी त्यांना तापमान आणि आर्द्रतेचा तक्ता दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि मग ट्रे उचलून बघायला लागले. एक ट्रे, दुसरा, तिसरा. वजनावरून ओल कळते म्हणाले. ‘ताई, डाळिंबाला ताण देतात तसंच हे. पाणी तोडायचं, पण जीव तोडायचा नाही.’

ताण! आमच्या भागात हा शब्द ऐकतच वाढले होते मी. बहार धरायचा तर बागेचं पाणी काही आठवडे तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी सोडायचं. किती ताण द्यायचा हे जमिनीवर, झाडाच्या वयावर आणि मालकाच्या छातीवर ठरतं. डाळिंबवाला शेजाऱ्याकडे पाहून ताण देत नाही. मामांनी तेच बाटलीतल्या पोरांना लागू केलं. आधी बाटल्याच ग्रोथ रूममधून बाहेर आणून आठ दिवस सावलीत ठेवल्या, झाकणं घट्ट. मग झाकण अर्धा आटा सैल. मग बोगद्यात, पण केळीच्या बोगद्याइतकं धुकं नाही. कोकोपीटमध्ये निम्मी जाड वाळू, कारण ओल धरून ठेवणारी माती या झाडाचा घात करते. मग रोज संध्याकाळी बोगद्याची कड थोडी वर. पहिल्या दिवशी वीतभर, दहा मिनिटं. पानं मलूल झाली की खाली. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं.

संध्याकाळीच का, हे त्यांना विचारलं तर म्हणाले, सकाळी उन्हाची भीती. माझ्या डोक्यात वेगळंच कारण आलं. घायपात, निवडुंग, कोरफड ही मंडळी रात्रीची श्वास घेतात. दिवसा रंध्रं बंद ठेवून पाणी वाचवतात, रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आंबट आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळी ऊन आलं की तो साठा वापरायला काढतात. याच्या सुरुवातीच्या नोंदींतली एक आहे ती भारतात राहणाऱ्या बेंजामिन हाइन नावाच्या माणसाची. त्यानं आपल्या बागेतल्या पानफुटीचं पान चघळलं. सकाळी चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव. ते निरीक्षण त्यानं पत्रानं लंडनला कळवलं, १८१५ मध्ये ते छापून आलं. मुतखड्यावर सकाळी पानफुटी खाणाऱ्या आपल्या कित्येक आजोबांना ती चव ठाऊक असणार. त्यांनी पत्र लिहिलं नाही, इतकंच. आणि ही पानफुटी स्वतःच एक चालती-बोलती लॅब आहे. पान मातीवर टाका, कडेच्या प्रत्येक खाचेतून रोप. लॅमिनार नको, ऑटोक्लेव्ह नको, पगारपत्रक नको.

मामांची पहिली बॅच आठव्या आठवड्यात शेडनेटखाली उभी राहिली. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून पानावर नख घासायला सांगितलं. नखाला पांढरं लागलं. मेण. मी लॅबमध्ये जाऊन सगळ्यांना ते नख दाखवत फिरले. खरं सांगायचं तर घायपात एकदा शिकायला लागलं की भराभर शिकतं. माझी सुरुवातीची चूक म्हणूनच जास्त लागते. राणीला दोन महिनेच हवे होते.

सगळंच जमलं असं नाही. याच जातीचं पिवळ्या काठाच्या पानांचं एक रूप असतं. त्याला भाव जास्त, म्हणून मालकांनी तेही करायला घेतलं. अशा झाडांत बहुतेकदा दोन तऱ्हेच्या पेशी एकमेकींना बिलगून राहत असतात, काही हिरव्या, काही रंगहीन. बाटलीत फुटवा कुठल्या पेशीतून येईल ते आपल्या हातात नसतं. आमची निम्मीअधिक हिरवीगार निघाली, काही दुधासारखी पांढरीफेक. पांढरी दिसतात सुंदर, पण हरितद्रव्य नसल्यामुळे बाटलीबाहेर त्यांना आयुष्य नाही. घरात स्नेक प्लँट असेल तर स्वतः करून पाहा: पिवळ्या काठाच्या पानाचा तुकडा मातीत खोचला तर येणारं पिल्लू साधं हिरवं निघतं. त्याला बुडापासून फोडूनच वाढवावं लागतं. पुढे ते काम बंद पडलं. मला वाईट वाटलं नाही.

वाईट वाटायचं ते मागच्या अंगणात. तिथे बाटल्या धुणाऱ्या बायका बसतात. प्रत्येक बाटली आधी गरम पाणी, मग साबण, मग साधं पाणी, मग शेवटी शुद्ध पाणी. मीडियाला शुद्ध पाणी, ते करताना वाया जाणारं पाणी वेगळं, ऑटोक्लेव्हचं वेगळं. कमी पाण्यात जगणारं झाड बाजारात पाठवायला आम्ही किती पाणी ओततो याचा हिशेब मी कधी मांडला नाही. मांडायची हिंमत झाली नाही म्हणा. २०१३ च्या उन्हाळ्यात लॅबची बोअर आटली आणि टँकर सुरू झाले. त्याच उन्हाळ्यात माझ्या गावालाही टँकर. माझा चुलता जनावरं घेऊन म्हसवडच्या चारा छावणीत राहायला गेला होता. आणि आमच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या खोक्यांवर लिहिलेलं असायचं, ‘पाण्याची बचत करणारी बाग’. माल कुठल्या तरी रिसॉर्टला चाललेला. तेवढ्यापुरतं एक मात्र आम्ही केलं: शुद्धीकरणातून वाया जाणारं पाणी पाइपानं मागच्या धुण्याच्या टाक्यांकडे वळवलं. ही कल्पना बाटल्या धुणाऱ्या बायकांची होती. बैठकीत तिचं श्रेय दुसऱ्यानंच घेतलं.

कधीकधी वाटतं, राणीपेक्षा आपली खर्चुडी करावी. सह्याद्रीच्या कड्यांवर, सड्यांवर उगवते, कंदिलासारखं फूल, आत शिरलेल्या चिलटाला थोडा वेळ कोंडून ठेवणारं. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळून जातं आणि ती उरलेलं वर्ष जमिनीखालच्या कंदात काढते. दुष्काळ सोसायची ही दुसरी तऱ्हा, अंग काढून घेण्याची. यांतल्या कितीतरी जाती जगात फक्त आपल्याकडेच आहेत, काही तर एखाददुसऱ्या डोंगरापुरत्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या लोकांनी त्यांच्यातल्या काही बाटलीत वाढवल्या, त्या बाटल्यांत कंदही धरले. पण खर्चुडीची ऑर्डर घेऊन आमच्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. आठ महिने कुंडी रिकामी दिसणार, असं झाड बंगल्याच्या दारात कोण ठेवील?

त्या २०१३ च्या मे महिन्यात गावी जाताना मामांच्या बॅचमधलं एक रोप मी आजीसाठी नेलं. काळी पिशवी, तीत मुठीएवढी राणी. आजीनं डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

‘घायपातच हाय की गं ह्ये.’

राणी व्हिक्टोरियाच्या नावाचं आहे, असं सांगितलं.

‘म्हंजी राणीछाप!’ ती हसली. तिच्या सासूच्या गाठोड्यात राणीछाप रुपये होते. बाहत्तरच्या दुष्काळात एकेक करून मोडले, आणि ते संपल्यावर आजी खडी फोडायला गेली, तांबडी मिलो ज्वारी खाऊन.

‘याला पाणी घालू नकोस,’ मी बजावलं. ‘याला पाणी लागत नाही.’

‘लागत न्हाई म्हंजी? मागत न्हाई म्हन.’

मी पुण्याला परतले. टँकर चार दिवसांआड यायचा, माणशी दोन घागरी. आजी भांडी विसळलेलं पाणी एका तांब्यात साठवायची आणि रोज संध्याकाळी राणीला घालायची. महिन्याभरानं फोन आला, झाड बुडातून सडलं. त्या उन्हाळ्यात आख्ख्या तालुक्यात जास्त पाण्यानं मेलेलं ते एकच झाड असेल. मी फोनवर हसत होते आणि माझा आवाज नीट निघत नव्हता.

‘मेलं न्हाई अजून,’ ती म्हणाली. ‘सडकं इळ्यानं कापलं, चुलीतली राख दाबली. पत्र्यावर वाळत घातलंय तुज्या राणीला.’

कापायचं, जखम कोरडी करायची, मुळाशिवाय आठ-पंधरा दिवस तसंच ठेवायचं, मगच लावायचं. आमच्या मामांनीही याहून वेगळं काही केलं नसतं. तिनं ते कांद्या-बटाट्यावरून ताडलं की अजून कशावरून, विचारायचं राहून गेलं. पहिला पाऊस पडला तेव्हा तिनं उंबऱ्याच्या डाव्या बाजूला, पायरीच्या कडेला, नुसत्या मुरमात ते खोचलं.

आजी २०१९ मध्ये गेली. चुलता मुलाकडे राहायला गेला, घराला आता कुलूप असतं. दिवाळीत मी जाऊन उघडते, झाडते, दिवा लावते, पुन्हा कुलूप लावून निघते. राणीचा गड्डा आता परातीएवढा झाला आहे आणि पायरीवर अर्धा कलला आहे, त्यामुळे कुलपापाशी जायला सरळ वाट उरलेली नाही. वाकून किल्ली फिरवताना दर वेळी साडीचा काठ त्याच्या काट्यात अडकतो.